चाळिसांतला एक

मित्रांनो, मी एक जुना सौरघट आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढी काच आणि तिच्यावर केसाहून कितीतरी पातळ असा काळपट लेप, एवढाच माझा देह. उन्हाची वीज करणं हे माझं काम. आज मी निकामी आहे आणि तुमच्याकडे मान वर करून बघायचीही मला लाज वाटते.

मला घडवलं संशोधन करणाऱ्या एका ताईने. आम्हा चाळीस भावंडांना तिने एकाच आठवड्यात बनवलं. दमट हवेने एकोणचाळीस जणांचा लेप बिघडला आणि ते पहिल्याच चाचणीत नापास झाले. माझा लेप चढवला त्या दुपारी हवा कोरडी होती. माझं कर्तृत्व ते एवढंच. शंभर भाग उन्हातून मी बावीस भाग वीज काढली. ताईच्या सरांनी सांगितलं, शोधनिबंधात सर्वांत चांगला आकडा तेवढा छापू, सगळे तसंच करतात. ताई जरा घुटमळली, पण तिने छापलं. माझा फोटो झळकला. पाहुणे येऊन मला भिंगातून न्याहाळू लागले. मी हुरळून गेलो. बाराव्या दिवशी मी पिवळा पडलो, तेव्हा मला गुपचूप कपाटात ठेवलं. मीही हूं की चूं केलं नाही.

दोन वर्षांनी दूरच्या एका प्रयोगशाळेतून एक संशोधक बाई आल्या. माझ्यासारखा घट बनवण्यात त्यांची दोन वर्षं गेली होती. लहान मुलीला आईकडे सोपवून त्या सुटीच्या दिवशीही राबत होत्या. आता महिनाअखेरपर्यंत जमलं नाही, तर त्यांचं काम बंद होणार होतं. मला एकदा डोळ्यांनी पाहावं, म्हणून त्या आल्या होत्या. ताईने कपाट उघडलं.

"असे किती केले होते?" बाईंनी विचारलं.

"चाळीस."

"आणि चालले किती?"

"हा एकच. तोही बारा दिवस."

बाई खुर्चीत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं, माझ्याच हाताला यश नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. ताईची खाली गेलेली मान वर येईना.

दुसऱ्याच दिवशी सरांना न जुमानता ताईने चाळीसही आकडे जाहीर केले. सर महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. दोष बाईंच्या हातांचा नव्हता हे उघड झालं आणि त्यांचं काम मात्र वाचलं. आता दोघी मिळून कडा घट्ट बंद केलेले घट बनवतात. ते सतराच भाग वीज देतात, पण चाळिसांतले तेहेतीस चालतात आणि वर्षभर गच्चीवर ऊनपाऊस सोसून टिकले आहेत. लेपातल्या विषारी शिशाऐवजी काय वापरावं, हे कोडं अजून सुटायचं आहे. ते शिसं माझ्याही पोटात आहे, म्हणून आम्हाला कधी कचऱ्यात टाकू नका.

आणि नवा घट दिसला, की पहिल्या दिवसाच्या विजेवर भुलू नका. भावंडं किती होती, वर्षाने किती उरली, हेही विचारा. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी गप्प बसलो. मित्रांनो, खोटं बोलायला मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही.