उत्तरार्ध रेंगाळतो

"बाई... अहो बाई, उठा. दिवे लागले."

बाईंनी डोळे उघडले तेव्हा समोरचा पडदा कोरा होता आणि शेजारच्या खुर्चीतला रेडिओवाला हसू दाबत त्यांच्याकडे बघत होता. पत्रकारांसाठी ठेवलेला खेळ संपला होता. मांडीवरची वही खाली घसरली होती. त्यांनी ती उचलली. मध्यंतरापर्यंतची दोन पानं भरलेली आणि तिसऱ्या पानावर एकच शब्द, तोही अर्धा. पेन मात्र बोटांत तसंच होतं.

"किती वेळ?" बाईंनी विचारलं.

"बराच. मी उठवणार होतो, पण इतक्या गाढ झोपला होतात की जिवावर आलं."

सत्तावीस वर्षं बाई वर्तमानपत्रात दर शुक्रवारी चित्रपटांबद्दल लिहीत होत्या. भिकार चित्रपट पाहिले, अडीच-अडीच तासांचे दणदणाट पाहिले, ताप अंगात घेऊन पाहिले, पण डोळ्याला डोळा कधी लागला नव्हता. "माझ्या बायकोचा डोळा लागत नाही, लागतो तो फक्त दुसऱ्यांच्या सिनेमांना," असं त्यांचे यजमान चारचौघांत सांगत आणि आपणच हसत.

पण हा आठवडा जीव काढणारा होता. सहा दिवसांत हा पाचवा चित्रपट. आधीच्या चारांपैकी तीन तर कशाचे ना कशाचे दुसरे भाग होते. त्यात नायक सावकाश चालत येतो, मागे काहीतरी पेटतं आणि प्रेक्षकांनी कुठे रडायचं हे वाद्यवृंद आधीच ओरडून सांगतो. प्रत्येक खेळानंतर बाहेरच्या लॉबीत उभं राहून मोबाइलसमोर दोन मिनिटं बोलायचं, हे कार्यालयाचं नवं फर्मान. शेजारी वीस-बावीस वर्षांची पोरं मोबाइलभोवती दिव्यांचं कडं लावून, चित्रपट संपायच्या आत 'जबरदस्त' म्हणून मोकळी होत. बाईंना त्यांचा राग येत नसे. दमायलाच इतकं होई की रागाला जागा उरत नसे.

"दुसऱ्या अर्ध्यात काय झालं?" जिना उतरताना त्यांनी विचारलं.

"काही नाही हो. वडील गेल्यावर ती मुलगी घर आवरते, वडिलांनी शेजाऱ्यांकडून उसन्या आणलेल्या वस्तू सापडतात, त्या एकेक परत करत हिंडते. शेवटी घराला कुलूप. संपलं. जरा रेंगाळतोच."

सहा वाजेपर्यंत मजकूर द्यायचा होता. पुरवणीच्या संपादकांचे दोन फोन येऊन गेले होते. बाईंनी पूर्वार्धाबद्दल मनापासून लिहिलं, कारण तो त्यांना आवडला होता. मग बोटं आपोआप पुढे गेली. 'उत्तरार्धात मात्र चित्रपट रेंगाळतो. संकलकाची कात्री अधिक निर्दयपणे चालायला हवी होती.' अडीच तारे. ही वाक्यं त्यांनी आजवर किती वेळा लिहिली होती याचा हिशोब नव्हता. बहुतेक वेळा ती खरीही असत.

शुक्रवारी सकाळी यजमानांनी पेपर वाचता वाचता चष्मा कपाळावर चढवला. ते भूमितीचे निवृत्त शिक्षक. बायकोबरोबर चित्रपटाला जाणं म्हणजे डॉक्टरच्या शेजारी जेवायला बसणं, असं म्हणून त्यांनी तो नाद पंधरा वर्षांपूर्वी सोडला होता.

"हा बरा दिसतोय गं. जाऊन येऊ का एकटा?"

"नका जाऊ. झोप येईल," बाईंच्या तोंडून निघून गेलं. मग त्या उठल्या आणि उगीचच बेसिनमधली धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागल्या.

सोमवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात साठीचा एक लुकडा माणूस. शर्टाच्या खिशात घडी घातलेलं कात्रण, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"मी त्या चित्रपटाचा संकलक. तुम्ही ज्याची कात्री चालली नाही म्हणालात, तो. भांडायला नाही आलो, घाबरू नका."

बाईंनी त्याला आत घेतलं, चहा टाकला. यजमान पेपर उचलून आतल्या खोलीत गेले, पण दार त्यांनी लोटलं नाही.

"असं झालंय बाई," संकलक कपाकडे बघत म्हणाला, "निर्मात्यानं तुमचं परीक्षण धरून ठेवलंय. म्हणतो, एवढ्या जुन्या जाणत्या बाई म्हणतायत तर काढा अठरा मिनिटं उत्तरार्धातली. गुरुवारपासून सगळीकडे आखूड प्रत लावायची. पाच महिने मी त्या चित्रपटाशी बसलोय. आता माझंच मला कळेनासं झालंय. स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला येत नाही ना, तसं. तुम्ही फक्त नेमकं कुठे रेंगाळतो ते सांगा. तेवढंच काढतो, बाकीचं वाचवतो."

 बाईंना काहीही सांगता आलं असतं. मध्यंतरानंतरची वीस मिनिटं, शेवटाच्या आधीचा भाग, असं काहीतरी गोलगोल, आणि त्यानं ते मान डोलावून लिहून घेतलं असतं. त्यानं वहीसुद्धा काढली होती.

"मला झोप लागली होती," बाई म्हणाल्या.

संकलकाचा पेन्सिलीचा हात तसाच राहिला. आतल्या खोलीत पेपरचं पान उलटायचं थांबलं.

"कुठपासून?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, धंद्याची चौकशी होती.

"ती शिडी परत करायला चौथ्या मजल्यावर चढते, तिथपर्यंत आठवतंय."

"आणि जाग?"

"दिवे लागल्यावर."

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. "सत्तेचाळीस मिनिटं. मग रेंगाळतो हे कशावरून लिहिलंत?"

"सवयीनं. हाताला बसलंय ते वाक्य."

 संकलकानं गार झालेला चहा एका घोटात संपवला. "माझी बायको म्हणाली होती, बाईंनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार. उगाच जिवाला लावून घेऊ नका, सुधारा." तो उठला. "रागवायची सुद्धा ताकद नाही बघा अंगात. चला, येताय का? सत्तेचाळीस मिनिटं दाखवतो."

संकलनाची खोली म्हणजे एका छापखान्याच्या वरचा कोंदट चौकोन होता. खिडकीला काळं कापड, दोन पडदे, खुर्चीवर कुणाच्या तरी जुन्या उशा. छापखान्याचं यंत्र खाली धडधडलं की टेबलावरचे पेले किणकिणत. बाई उशी सरळ करून बसल्या. वही त्यांनी पिशवीतून काढली नाही.

शिडी चौथ्या मजल्यावर पोचली. मग एक इस्त्री परत गेली, एक जाडा शब्दकोश परत गेला. मग ती मुलगी तळमजल्यावरच्या एका म्हातारीकडे घडीची खुर्ची घेऊन आली. म्हातारीनं खुर्ची घेतली, उलगडली आणि तिच्यावर त्या मुलीलाच बसवलं. मुलीच्या कोटाची शिवण खांद्याला उसवली होती. म्हातारीनं सुई-दोरा आणला, दोरा ओवता ओवता दोनदा चुकली, तिसऱ्यांदा ओवला आणि कोट अंगावरच असताना शिवायला बसली. कुणी एक अक्षर बोललं नाही. संगीत नव्हतं. टाक्यावर टाका पडत गेला. मुलगी आधी संकोचून ताठ बसलेली, मग हळूहळू तिचा खांदा सैल झाला. चित्रपटभर न रडलेली ती मुलगी इथेही रडली नाही, फक्त तिनं डोळे मिटले. म्हातारीनं दाताशी नेऊन दोरा तोडला, खांद्यावरून एकदा हात फिरवला आणि "झालं" म्हणाली.

 इतकी वर्षं ज्याची वाट बघत बाई थिएटरांतल्या खुर्च्यांत बसल्या होत्या, ते येऊन गेलं होतं आणि त्या झोपल्या होत्या.

"कोण आहेत या?"

"कपडेवाल्या मावशी. नाटकांच्या कंपनीत चाळीस वर्षं नटांचे कपडे शिवले. ठरलेली नटी आयत्या वेळी आली नाही, म्हणून दिग्दर्शकानं यांना बसवलं. मावशी म्हणाल्या, मला बोलता येत नाही कॅमेऱ्यासमोर. तो म्हणाला, बोलूच नका."

"अठरा मिनिटांत हेही जातंय?"

"हेच तर आधी जातंय. कुणी बोलत नाही ना यात."

शेवटपर्यंत पाहून झाल्यावर बाई म्हणाल्या, "शिडी घेऊन चढतानाचा जिना मात्र लांबलाय."

संकलक पहिल्यांदा हसला. "चाळीस सेकंद. मलाही माहीत होतं. त्या जिन्यासाठी छायाचित्रकारानं दोन दिवस घालवले होते, त्याचं मन मोडवेना."

बाईंनी तिथूनच निर्मात्याला फोन लावला. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. झोपले होते, न बघता लिहिलं, आता पाहिलं, माझी चूक झाली, एकही मिनिट काढू नका.

पलीकडून मोठं हसणं आलं. "बाई, मला एक सांगा. सत्तावीस वर्षांत तुम्हाला याआधी कधी झोप लागली होती?"

"नाही."

"मग! याच्यापेक्षा मोठं परीक्षण कुठलं? भल्याभल्या टाकाऊ चित्रपटांत तुम्ही जाग्या राहिलात आणि माझ्यात झोपलात! आता तर वीस मिनिटं काढतो."

"अहो, मी दमले होते. चित्रपटाचा काय दोष?"

"बाई, प्रेक्षक काय कमी दमून येतो?"

फोन बंद झाला.  संकलकानं दुसरीकडे तोंड करून डोळे चोळले आणि यंत्र बंद केलं.

त्या दुपारी बाईंनी घरी येऊन पंधरा ओळी लिहिल्या. गेल्या आठवड्यात मी एका चित्रपटाचा उत्तरार्ध झोपेत घालवला आणि तरीही त्याबद्दल मत दिलं, इथपासून सुरुवात. पुरवणीच्या संपादकांनी तासाभरानं फोन केला.

"हे छापायलाच हवं का? या शुक्रवारी तीन नवे चित्रपट येतायत. जुनं कोण आठवतंय?"

"छापा."

"छापतो. पण बाई, हे छापल्यावर वरचे मला विचारणार. मी तरी काय सांगू? तसंही त्यांना लिहिलेलं कमी आणि बोललेलं जास्त हवंय. पुढच्या महिन्यापासून सदर त्या नव्या मुलीकडे..."

"समजलं मला. पंधराच ओळी आहेत, कापू नका."

यजमान दारात उभे होते. सगळं ऐकलं असणार. ते काही विचारतील म्हणून बाई थांबल्या. पण ते म्हणाले, "बुधवारी दुपारी शेवटचा खेळ आहे ना, पूर्ण प्रतीचा? दोन तिकिटं काढतो. डॉक्टरशेजारी जेवू एकदा."

बुधवारी थिएटरात मोजून अकरा माणसं होती. एक जोडपं कोपऱ्यात, तिघं जण मोबाइलच्या उजेडात. मधल्या रांगेत संकलक बसला होता आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या केसांची, इस्त्रीची साडी नेसलेली एक म्हातारी, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. बाईंनी लगेच ओळखलं. संकलकानं मावशींना काय सांगून आणलं होतं कुणास ठाऊक. गुरुवारचं त्यानं सांगितलेलं दिसत नव्हतं, कारण मावशी मध्यंतरात पलीकडच्या जोडप्याला "मी येणारे थोड्या वेळानं" असं सांगत होत्या.

मावशी पडद्यावर आल्या तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणीतरी खोकलं. तीन मोबाइलपैकी एक विझला. यजमान थोडे पुढे सरकून बसले आणि शिवण पूर्ण होईपर्यंत तसेच बसून राहिले. बाईंनी एकदाच मागे वळून पाहिलं. मावशी पडद्यावरच्या हातांकडे बघत होत्या, दुसऱ्या कुणाचं काम तपासावं तशा, बारीक नजरेनं.

शेवटचं कुलूप लागलं आणि नावं सुरू झाली. तोच दिवे भक्कन लागले. लोक उठले. झाडूवाला दारातून आत आला आणि पहिल्या रांगेपासून खुर्च्या आपटत उभ्या करायला लागला. उजेडात पडद्यावरची अक्षरं पुसट झाली होती. मावशी उभ्या राहून, डोळ्यांवर हात धरून, ती वाचायचा प्रयत्न करत होत्या.

बाई उठल्या. गुडघे धरले होते, तरी पायऱ्या उतरून त्या झाडूवाल्यापर्यंत गेल्या.

"दादा, तेवढे दिवे घालवायला सांगता का?"

"पुढचा खेळ लागायचाय, बाई. संपलाय तो."

"नाही संपला. नावं चाललीत अजून."

झाडूवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग मधल्या रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीकडे. झाडू भिंतीला टेकवून तो मागे गेला. दिवे गेले. अंधारात पांढरी अक्षरं पुन्हा ठळक झाली आणि सावकाश वर सरकू लागली. दिवे लावणारे, गाड्या चालवणारे, चहा आणून देणारे. मावशींचं नाव बरंच खाली होतं. बाई वाटेतच उभ्या राहून ते येण्याची वाट बघू लागल्या.