नुसता चिकटलो आणि पहिला आलो

मित्रांनो, मी एक जुना रेणू आहे. प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये, बोटाच्या पेराएवढ्या नळीत, माझ्या असंख्य नकलांसह गोठून पडलो आहे. माझी जात आरएनए. आम्ही पेशीत निरोप पोहोचवतो, हे तुम्ही पुस्तकात वाचले असेल. पण आमच्यातले काही जण स्वतः कामही करतात. कोणी दुसऱ्या रेणूला कापतो, कोणी तुकडे जोडतो. त्या भावंडांचा मला फार अभिमान आहे. स्वतःबद्दल सांगताना मात्र माझी मान वर होत नाही.

इथल्या संशोधक ताईने आम्हा कोट्यवधी भावंडांना एकदम जन्माला घातले, एकाची घडण दुसऱ्यासारखी नाही. केसांत पेन खोचायचे आणि गुणगुणत नळ्या हलवायच्या, अशी तिची सवय. तिला या गर्दीतून जोडकाम करणारा रेणू हवा होता. परीक्षा सोपी होती. ती आम्हाला हुक लावलेला एक छोटा तुकडा देई. जो रेणू तो तुकडा स्वतःला जोडून घेई, तो त्या हुकाने बारीक मण्यांना अडकून राही. बाकीचे धुतले की मोरीत. राहिलेल्यांच्या नकला निघत आणि पुन्हा परीक्षा, दर वेळी थोड्या कमी वेळात.

माझ्या शेजारी एक संथ भाऊ होता. तुकडा घ्यायचा, नीट बसवायचा, मगच जोडायचा. मी तुकड्याला हातही लावला नाही. माझी घडणच अशी, की मणी दिसताच मी थेट त्यालाच चिकटलो, गुळाला मुंगळा चिकटावा तसा. धुण्याचे पाणी आले नि गेले. मी तिथेच.

असले ऐतखाऊ पकडायची एक पायरी असते. हुकाचा तुकडा देण्याआधीच सगळ्यांना मोकळ्या मण्यांवरून ओतायचे आणि जो चिकटेल त्याला बाद करायचे. पण तेव्हा मणी संपत आले होते. "पुढच्या फेरीत करू," ताई स्वतःशीच म्हणाली. पुढच्या फेरीत अडकून राहिलेल्यांचे टक्के इतके छान आले, की ते राहूनच गेले.

वेळ कमी होत गेला तसा संथ भाऊ अर्ध्या कामावर पाण्याबरोबर वाहून गेला. मला कसली घाई? मला कामच नव्हते. त्याची जागा माझ्या नकलांनी भरली. ते आठवले की आजही मेल्याहून मेल्यासारखे होते.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी आलेख पाहून ताईची पाठ थोपटली. ताईने मला बर्फाच्या डब्यात धरूनच जिन्यातून आईला फोन लावला.

"आई, मिळाला गं! सगळ्यांना मागे टाकलं त्याने!"

"अगं बाई! मग आता नोकरी पक्की ना?"

"परिषदेत मांडलं की पक्की, असं मॅडम म्हणाल्यात."

आईने शेजारीपाजारी सांगूनही टाकले. मला ओरडावेसे वाटत होते, 'ताई, मी काहीच केलेले नाही!' पण रेणूला तोंड कुठले?

परिषदेच्या आदल्या सकाळी नवे मणी आले. राहिलेली एक तपासणी म्हणून ताईने हुकाचा तुकडा न घालताच मला मण्यांवर ओतले. मी अडकायला नको होतो. पण नेहमीइतकाच अडकलो. तिचे गुणगुणणे थांबले. तिने पुन्हा करून पाहिले आणि स्टुलावर बसून राहिली. खोलीत दुसरे कोणी नव्हते. ती गप्प बसली असती, तर कोणाला कळलेही नसते. तिने फोन उचलला, आईचे नाव काढले आणि फोन पालथा ठेवला. मग मला घेऊन ती मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, हा काम करत नाही. नुसता चिकटतो."

मॅडमनी चष्मा काढला. "मोकळ्या मण्यांवरून घेतलं नव्हतंस?"

"नाही. माझं चुकलं."

"अगं, उद्या मांडायचंय. नोकरीची ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल."

"माहितेय."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पहिल्या फेरीतलं काही उरलंय का?"

"एक नळी आहे."

"मग तिथून सुरू कर. आणि या घरजावयाला फेकू नकोस. कामाला येईल."

जागा खरेच दुसऱ्याला गेली. शेजाऱ्यांना ते सांगायचे आईच्या वाट्याला आले. ताईचे गुणगुणणे परत यायला फार दिवस लागले. पण त्या जुन्या नळीत नकलेच्या रूपाने संथ भाऊ होता, आणि या वेळी ताईने त्याला पुरेसा वेळ दिला. आज तो तुकडे जोडतो. खरोखर जोडतो.

माझ्या नळीवर ताईने 'घरजावई' असे लिहिले आहे. नवीन कोणी कामाला आले, की ती आधी मला मोकळ्या मण्यांवरून ओतायला लावते. मी चिकटतो, पकडला जातो आणि ते शहाणे होतात. आयुष्यात मला मिळालेले काम एवढेच.

मित्रांनो, पहिला आलेल्याला शाबासकी जरूर द्या, पण त्याने केले काय ते आधी पाहा. आणि जो धुतला गेला, त्याला एकदा तरी परत बोलवा.

संथ भावाची नळी आता माझ्या शेजारीच असते. मी अजून त्याच्याकडे पाहिलेले नाही.