वाऱ्यात उभं चाक

"दांडा कुनी कापला?"

विहिरीच्या काठावर पडलेला पंपाच्या दांड्याचा हातभर लोखंडी तुकडा नकुशीनं उचलून धरला. कापलेलं टोक अजून चकचकीत होतं.

रंगाऱ्यांवर ओरडणारा कंत्राटदार विक्रम वळला. "मीच, काकू. चाकाला वर मोटर बसवलीय. दांडा ठेवला तर मोटरवर लोड येतो."

"वाऱ्याच्या चक्कीला मोटर?"

"उद्घाटनाला वारा पडला म्हंजी? आता ही हेरिटेज हाय. हेरिटेजला काम नसतं."

"पेन्शनीत काढली म्हना की. आन् पानी कोन वढायचं?"

विक्रम पुन्हा रंगाऱ्यांकडं वळला.

निमोण्याच्या माळावर ही पवनचक्की बहात्तरच्या दुष्काळानंतर एका संस्थेनं उभारली. संस्था दोन वर्षांत गेली, चक्की राहिली. नकुशीचे सासरे भिमाजी तिचं तेलपाणी बघत. त्यांचे गुडघे गेल्यावर नकुशी लुगडं खोचून शिडी चढू लागली. लोकांनी आधी नावं ठेवली, मग विसरून गेले. चाकाच्या एका फेरीला दांडा एकदा वरखाली होई आणि तांब्याभर पाणी दगडी कुंडीत पडे. पंपातला चामड्याचा वॉशर झिजला की ती जुन्या मोटेच्या चामड्यातून नवा कापायची, दोन दिवस एरंडेलात मुरवायची. तेवीस वर्षं चक्की एकदाही आठवड्याच्या वर बंद राहिली नव्हती. जेठात कोकणातून परतणारे मेंढरांचे कळप याच कुंडीवर टेकत. तिच्या मामेभावाचा, म्हाळूचा निरोप आलाच होता: वरवंड सोडलं, गुरुवारी पोचतो.

उद्घाटनही गुरुवारीच होतं. ती तडक सरपंच मारुतरावांकडे गेली.

"आप्पा, दांडा जोडून द्या. दोनशे मेंढरं येत्यात."

"नळावर पाज की."

"नळाला चार दिसांनी पानी येतं. तुमीच सोडता न्हवं?"

मारुतरावांनी पानाचा डबा मिटला. "नकुशे, तुझा सत्कार ठेवलाय. पत्रिकेत नाव छापलंय. आता तोंड वाकडं करू नगंस."

गुरुवारी दुपारी मांडवाचं कापड फडफडत होतं. प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबलं आणि चाक फिरू लागलं. वाऱ्याचा जोर कमीजास्त होत होता, चाक मात्र एकाच गतीनं फिरत होतं. प्रेताचे हात धरून कुणी टाळ्या वाजवाव्यात, तसं नकुशीला वाटलं. उद्घाटनाच्या फरशीवर सात नावं कोरली होती. पाचवं विक्रमचं. भिमाजींचं नव्हतं.

तिच्या खांद्यावर शाल पडली, ओटीत नारळ आला आणि तेवढ्यात लाइट गेली.

लोडशेडिंग. मोटरच्या गिअरमध्ये अडकलेलं चाक भर वाऱ्यात जागच्या जागी थांबलं.

"वारा पडला वाटतं," उडणारी टोपी धरत पाहुणे म्हणाले.

पाहुण्यांपुढं बाटल्यांतलं गार पाणी आलं.

मग माळावरून मेंढरांचा आवाज आला. कळप नेहमीसारखा पळतच कुंडीवर आला, खुर्च्यांमधून, सतरंजीवरून. पुढची मेंढी कुंडीत तोंड घालून कोरडा दगड चाटू लागली. मागची तिच्या अंगावर चढू लागली.

"हाकला ती मेंढरं!" मारुतराव ओरडले.

म्हाळू काठी टेकून थबकला. त्यानं वर चाकाकडं पाहिलं, मग नकुशीकडं. "आक्के, मोडली व्हय?"

"मोडली न्हाई. जतन केली."

नारळ तिनं नावांच्या फरशीखाली ठेवला. विहिरीवरच्या नव्या जाळीचं झाकण उघडून काथ्याच्या दोरानं बादली आत सोडली. चाळीस फूट. पहिल्याच बादलीला काथ्यानं तळवा सोलला. ती थांबली, खांद्यावरची शाल काढून दोन्ही हातांभोवती घट्ट गुंडाळली आणि दोर पुन्हा धरला.

"नकुशे, लोक बघत्यात!" मारुतराव म्हणाले.

"बघू द्या."

पाणी कुंडीत ओतलं. पुन्हा बादली सोडली. दोनशे मेंढरं होती.