तालमीतलं फावडं आणि निळी गादी

मित्रांनो, मी एक जुनं फावडं आहे, लोहा गावच्या रामकिशन वस्तादांच्या तालमीतलं. चिखल उपसणाऱ्या फावड्यांच्या रांगेत मला बसवू नका बरं! लोहारानं मला घडवलं, बाभळीचा दांडा बसवला आणि मी थेट लाल मातीच्या हौद्यात उतरलो. इथं कुस्ती खेळणाऱ्यानं आधी स्वतः हौदा उकरायचा असतो. ताक, तेल, हळद घालून माती मऊ करायची, मगच शड्डू ठोकायचा.

सहा वर्षांपूर्वी दीपमाला आली. माझ्या दांड्याहून जेमतेम उंच. पहिल्याच दिवशी हाताला फोड आले, तरी पोरीनं माती उकरली. मग रोज सकाळी ती आधी मलाच हातात घ्यायची. मी काय फुगलो होतो म्हणून सांगू!

गेल्या वर्षी मेली ती गादी आली. निळी, गुळगुळीत, नखरेल. मोठ्या स्पर्धा गादीवरच होतात म्हणून सगळे तिच्यावर खेळू लागले. दीपमाला तिला फडक्यानं पुसायची आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. हौदा दगडासारखा झाला, मला गंज चढला. माझा नुसता जळफळाट झाला. गादीवर ती लागोपाठ तीन स्पर्धा हरली, तेव्हा मी मनात म्हणालो, बरी जिरली! वाईट आहे, पण खरं आहे.

तिसऱ्यांदा हरून आली ती सरळ वस्तादांपुढे उभी राहिली.

"वस्ताद, जमून न्हाई राहिलं. लई झालं. मी सोडते."

अरे, मला गादीची जिरवायची होती, पोरीची नव्हे!

वस्ताद म्हणाले, "सोड की. कोण अडवून राहिलं? पण सोडणाऱ्यानं मागच्यांसाठी अख्खा हौदा उकरून द्यायचा. रीत हाय आपली."

तिनं रागानं मला उचललं. दिवसभर घाव घातले, तरी एक पट्टाच निघाला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. रडत यायची, मग नुसतीच घामाघूम होऊन जायची. माझी धार परत आली, पण जीव टांगणीला लागला होता. हौदा संपला की पोरगी जाणार!

आठव्या दिवशी एक कोपरा उरला. ती थांबली. मला पुसून भिंतीला टेकवलं आणि गादीचे बूट चढवले.

"वस्ताद, तेवढा कोपरा राहू द्या."

"मग सोडता यायचं न्हाई."

"हाव," ती मान डोलावत म्हणाली आणि गादीवर गेली.

गादीवर! माझ्या पोटात आजही दुखतं. ती अजून हरते, कधीमधी जिंकते, पण रोज येते. मित्रांनो, अवजारांना तेल लावा, कोरडी ठेवा. मलाही कामाला लावा, कुठंही चालवा. फक्त हौद्याच्या त्या उरलेल्या कोपऱ्यात मला कुणी चालवू नका.