नॉर्मल मावशी

मंगळवारी दुपारी दोनला वॉर्डातली जेवणं उरकली, ताटं गेली, की मावशी एप्रन काढून खिळ्याला टांगायच्या आणि शिकवणीच्या खोलीतल्या खाटेवर जाऊन पडायच्या. वीस वर्षं दुसऱ्यांच्या खाटा आवरल्या. आता आठवड्यातून एकदा आपण आडवं व्हायचं, तेही डॉक्टरांच्या देखत, याची त्यांना भारी गंमत वाटे.

ही चैन त्यांच्या वाट्याला आली ती काटकुळेपणामुळे. हॉस्पिटलात नवीन पद्धत आली होती. रोग्याला धाप लागली, तर त्याला स्ट्रेचरवर घालून तळमजल्यावर न्यायचं नाही. चाकांवरचं सोनोग्राफीचं छोटं मशीन खाटेपाशी ओढायचं, त्याच्या वायरीच्या टोकाचा प्रोब छातीवर टेकवायचा आणि तिथल्या तिथे बघायचं, हृदय कसं चाललंय, कुठे पाणी साचलंय का. हे प्रत्येक डॉक्टरला आलंच पाहिजे, असा अधीक्षकांचा हुकूम. आणि आजारी हृदय ओळखायचं, तर आधी धडधाकट हृदय डोळ्यांत बसावं लागतं. जाड माणसाचं हृदय स्क्रीनवर धुक्यातल्या म्हशीसारखं दिसतं, मावशींचं दिसायचं स्वच्छ पाण्यातल्या माशासारखं. म्हणून शिकवणाऱ्या मॅडमनी त्यांना निवडलं आणि मशीनमध्ये नावाच्या जागी टाइप केलं, 'नॉर्मल मावशी'.

"माझं काळीज अख्ख्या हॉस्पिटलनं बघितलं," मावशी म्हणायच्या, "नवऱ्याला तेवढं तीस वर्षांत दिसलं नाही."

वर्गात अकरा डॉक्टर होते. त्यांतले दहा तिशीच्या अलीकडचे. अकरावे सत्तावन्न वर्षांचे, स्टेथोस्कोपवर आयुष्य काढलेले. छातीला नळी लावून डोळे मिटत आणि कुठली झडप गळतेय ते सांगत. म्हणून पोरांनी त्यांना 'कानसेन' नाव ठेवलं होतं. नाव त्यांना ठाऊक होतं आणि एकेकाळी त्याचा अभिमानही होता. मॅडम स्वतः त्यांच्या हाताखाली शिकलेल्या. आता मॅडम वर्गात त्यांना "सर, प्रोब सरळ धरा," म्हणायच्या आणि ते "हो मॅडम," म्हणायचे. वर्गातल्या आणि वॉर्डातल्या मिळून वहीत पंचवीस तपासण्यांच्या नोंदी आणि मॅडमच्या पंचवीस सह्या झाल्या तर अतिदक्षता विभागातली जागा टिकणार; नाहीतर उरलेली तीन वर्षं बाहेरच्या टेबलावर तंदुरुस्तीचे दाखले लिहीत बसायचं. म्हातारा बैल कुठे बांधायचा, एवढाच प्रश्न होता.

पहिल्याच मंगळवारी मॅडमनी हृदयाच्या पुढच्या बाजूची बारीक काळी रेघ दाखवली होती. "ही चरबी. बऱ्याच जणांत असते. पाणीही असंच काळं दिसतं, म्हणून नवखे फसतात. मागच्या वर्षी एकानं पाणी समजून चरबीत सुई खुपसायची तयारी केली होती." सगळे हसले, सगळ्यांनी लिहून घेतलं. तेव्हापासून 'मावशींची चरबी' हा वर्गाचा ठरलेला विनोद झाला. जिचे गळ्याखालचे हाडांचे खळगे पाणी प्यायला पुरतील, तिची चरबी.

तिसऱ्या मंगळवारी कानसेनांनी प्रोब उलटा धरला आणि यकृताकडे बोट दाखवून म्हणाले, "हृदय बरंच मोठं झालेलं दिसतंय."

वर्गातली सर्वांत धाकटी डॉक्टरीण, जिला सगळे टकळी म्हणत, लगेच बोलली, "सर, एवढं मोठं असतं तर मावशींनी नवऱ्यालासुद्धा माफ केलं असतं."

खोली फुटेस्तोवर हसली. मॅडमनीही ओठ दाबले. कानसेनांचे कान तापले. मावशी मात्र तशाच डाव्या कुशीवर पडून होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "हसू द्या. तुम्ही बघा नीट, मला काही घाई नाही."

कानसेन त्यानंतर प्रोबखाली लावायच्या जेलची बाटली आधी तळहातांत धरून कोमट करायला लागले. बाकीचे थंडगार गोळा तसाच छातीवर पिळायचे. दुसरं काय देणार?

नववा मंगळवार शेवटचा होता, आणि कानसेनांची पंचविसावी नोंद बाकी होती. मावशी आल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि तशाच बसून राहिल्या.

"आडव्या व्हा ना मावशी," टकळी म्हणाली.

"डोक्याखाली अजून एक उशी दे गं. सपाट पडलं की घुसमटतं."

"जिने कमी चढा."

"आता जिनेच मला चढतात, बाई."

दहाजणांचं भराभर उरकलं. नजर बसली होती, हात बसले होते. कानसेनांचा नंबर शेवटी. ते खाली वाकले तेव्हा त्यांना मावशींचे मोजे दिसले. मोज्याच्या इलॅस्टिकनं घोट्यावर बोटभर खोल चर पाडला होता. मग मान दिसली. मानेतली शीर फुगून टरारली होती. हे बघायला मशीन लागत नाही. त्यांनी प्रोब टेकवला. काळी रेघ आता रेघ नव्हती. बोटभर रुंद पट्टा होता, आणि पुढेच नाही, हृदयाच्या मागेही. हृदय त्यात जरासं डुलत होतं.

त्यांच्या मनात आलं, या बाईच्या अंगावर चिमूटभर चरबी नाही, मग ही एवढी काळजाभोवतीच कुठून आली?

"ही चरबी... जरा जास्त नाही वाटत?" त्यांनी विचारलं.

"सर!" टकळीनं कपाळावर हात मारला. "मावशींची चरबी! पहिल्या दिवसाचा धडा!"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मॅडम टेबलाशी वह्यांवर सह्या करत होत्या, कानाशी फोन, कॅज्युअल्टीतून कुणीतरी घाई करत होतं. त्यांनी दुरूनच मान वर केली. "काय सर? नॉर्मल ना?"

डॉक्टरांना यकृत आठवलं. तेव्हा पिकलेला हशा आठवला. दाखल्यांचं टेबल आठवलं. आणि दहाजणांना जे दिसत नाही ते आपल्यालाच कसं दिसेल, हेही मनात आलं.

"नॉर्मल," ते म्हणाले, आणि तसंच लिहिलं.

मॅडमनी सही केली. "सुटलात, सर."

त्यांनी मावशींच्या छातीवरचं जेल पुसलं. मावशींनी विचारलं, "झालात ना पास?"

"झालो."

"मग आता कोण हसतंय ते बघते मी."

मॅडमना एकट्यात गाठून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. बुधवारी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. आत माणसं होती. गुरुवारी बाहेरच्या रुग्णांची रांग दुपार गिळून बसली. मान मोडेस्तोवर काम होतं, हे खरं. पण मंगळवारचं ते खुदकन हसू अजून कानात होतं, हेही खरं.

शुक्रवारी सकाळी अकराला, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायऱ्यांवर मावशी बादलीसकट कोसळल्या.

कॅज्युअल्टीत त्यांना आणलं तेव्हा नाडी लागत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा कानसेनांचा हात स्टेथोस्कोपकडे न जाता प्रोबकडे गेला. स्क्रीनभर काळं पाणी होतं, आणि त्या पाण्यानं चारी बाजूंनी आवळलेलं हृदय मुठीतल्या पाखरासारखं फडफडत होतं. मॅडम धावत आल्या. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, आणि सुई घेतली. डॉक्टरांनी सुईच्या टोकावर प्रोब धरून ठेवला. हात हलला नाही. इतकं सुरेख चित्र त्यांना नऊ आठवड्यांत एकदाही जमलं नव्हतं. लालसर पाणी सिरिंजमागून सिरिंज निघालं. हृदयानं चार-सहा ठोके मोकळे टाकले, आणि थांबलं. चाळीस मिनिटं आळीपाळीनं छाती दाबली. टकळी मोजत होती. शेवटी तिच्या तोंडून आकडेही फुटेनात.

दुपारी शिकवणीच्या खोलीत मॅडम आणि डॉक्टर दोघंच बसले. मशीनमध्ये सगळी चित्रं साठलेली होती, तारीखवार. मॅडम एकेक उघडून रेघेची जाडी मोजू लागल्या. तीन मिलिमीटर. तीन. चार. सात. नऊ. त्यापुढचे आकडे त्यांनी मोठ्यानं वाचले नाहीत. अकरा डॉक्टर, नऊ मंगळवार. गैरहजर सोडले तरी नव्वदेक वेळा मावशींच्या काळजाला नॉर्मल म्हटलेलं होतं. आजार वाढत गेला आणि वर्ग त्याच्यासोबत शिकत गेला.

"मीच सांगितलं होतं, चरबी आहे म्हणून," मॅडम म्हणाल्या. "सर, तुम्ही मंगळवारी विचारलंत, तेव्हा तुम्हाला..."

"हो."

"मी उठून यायला हवं होतं."

"मी उठवायला हवं होतं."

अधीक्षकांनी दोघांना बोलावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त कागद सरळ लागायचे. "ती रुग्ण नव्हती," ते म्हणाले. "शिकवणीचं चित्र म्हणजे तपासणी नव्हे, आणि जिची तपासणीच झाली नाही तिचा रिपोर्ट चुकेल कसा? तिच्या लेकीला सांगा, हृदय बंद पडलं. त्यात खोटं काहीच नाही." मग कानसेनांकडे बघून म्हणाले, "तुमच्या पंचवीस पूर्ण झाल्यात ना? मग उगाच वही उघडू नका."

"मी भेटतो लेकीला," कानसेन म्हणाले.

"जेवढ्यास तेवढं बोला."

लेक शिवणकारखान्यातून तशीच आली होती. ओढणीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. आईचं सामान एका पिशवीत मावलं: चपला, कंगवा, डबा, चष्मा. एप्रन मात्र अजून खिळ्यालाच होता. तो काढून ती घडी घालू लागली. तिचा आवाज आईसारखाच होता, सावकाश.

"मी म्हणत होते तिला, धाप लागतेय, कुणाला तरी दाखव. तर म्हणायची, अगं, दर मंगळवारी अकरा डॉक्टर बघतात मला, राणीला मिळत नाहीत एवढे. सगळं झकास आहे म्हणतात." तिनं घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. "एवढ्यांनी बघितलं, डॉक्टर. कुणालाच दिसलं नाही?"

हृदय बंद पडलं, हे तीन शब्द डॉक्टरांच्या जिभेवर तयार होते. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"मला दिसलं होतं," ते म्हणाले.

तिचे हात थांबले. "कधी?"

"मंगळवारी. काळजाभोवती पाणी होतं. तेव्हाच काढलं असतं, तर बहुतेक वाचली असती."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं मी. बाकीचे हसले. मग गप्प बसलो, आणि सगळं ठीक आहे असं लिहिलं. वहीत आहे. मागितलीत तर मिळेल, मी देईन."

बाहेर ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत लांब गेलं. ती रडेल, ओरडेल, अंगावर येईल, असं डॉक्टरांना वाटलं. निदान तशी आशा होती. तिनं एप्रन पिशवीत ठेवला, पिशवीचे बंद आवळले आणि उठली.

"ओळखलं मी तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही ते जेल गरम करणारे. आई सांगायची, बाकीचे भराभर उरकतात, हे एकटे सावकाश बघतात. म्हणून तुमचा नंबर आला की तिला हायसं वाटायचं."

ती दारापर्यंत गेली आणि तिथून वळली.

"वही द्या," म्हणाली. "मी थांबते. मला काही घाई नाही."