पुंजाची सहाण

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. तुम्ही सहाण पाहिली असेल ती देवघरात, चंदन उगाळायची. माझ्या वाट्याला देव आले नाहीत, बाळे आली. त्याचा मला कधी कमीपणा वाटला नाही.

पिंपळगाव राजाच्या बाजारात एका पाथरवटाने मला घडवले. काळा दगड, वाटोळा आकार आणि बाळगुटी ओतायला पुढे छोटीशी चोच. बाजाराला आलेल्या गोजरबाईंनी मला नखाने खरवडून पाहिले, विकत घेऊन पदराखाली झाकले आणि घरी नेले. त्यांची सगळी मुले माझ्यावरच्या गुटीवर वाढली. वेखंडाचा एक वेढा, मुरडशेंगेचे दोन, जायफळाचा अर्धाच. वेढा चुकला की त्या पुन्हा सगळे धुऊन नव्याने बसत. शेजारची मंजुळाबाई म्हणे, "गोजरबाईची सहाण नेली का लेकरू बाळसं धरते." ते ऐकून मी दगड असूनही फुगून जाई.

त्या घरात एक पितळेची डबीही होती. ती उकंडरावांची, म्हणजे गोजरबाईंच्या यजमानांची. तरुणपणी बैलाने त्यांच्या कमरेत लाथ मारली होती. दुखणे थांबावे म्हणून कोणी अफू घ्यायला सांगितली. कंबर बरी झाली, अफू मात्र सुटली नाही; तिच्या गोळ्या त्या डबीत असत. माणूस मोठा मायाळू. पण गोळीची वेळ टळली की जांभयांवर जांभया येत, नाक गळू लागे, हाडे दुखत आणि तोच माणूस घरादारावर खेकसू लागे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षे झाली असतील. गोजरबाईंचा मुलगा तुळशीराम याला मुलगा झाला. त्याचे नाव पुंजा. हसला की गालाला खळी पडे. त्याची पहिली गुटी माझ्यावर उगाळली, तेव्हा घरात आनंदीआनंद होता.

मग कापसाची वेचणी आली. पुंजाची आई पंचफुला त्याला झोळीत घालून शेतात नेई, पण तो रडला की तिचे वेचणे अडे. तेव्हा गोजरबाईंनी ती डबी माझ्याजवळ आणली.

"तिळाएवढी उगाळून चाटवत जा वं," त्या सुनेला म्हणाल्या. "पोरगं गप झोपते, तुले वेचता येते. म्या तुळशीरामलेही देल्ली होती. काय झालं त्याले?"

पंचफुला घाबरत म्हणाली, "आत्याबाई, लहान हाय तो."

"आमच्या वक्ताले सगळ्याच देत होत्या," गोजरबाई म्हणाल्या. त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांचा नातवावर जीव होता, हे मी शपथेवर सांगेन.

पुंजा शांत झोपू लागला. पण हळूहळू तिळाएवढी पुरेना, मग ज्वारीच्या दाण्याएवढी लागू लागली. वेचणी नसलेल्या दिवशी गोळी दिली नाही, तर तो किंचाळून रडे, दूध तोंडात धरत नसे, त्याचे नाक गळे. आजोबा आणि नातू एकाच वेळी जांभया देत. घरच्यांना वाटे, पोट दुखत असेल. पुन्हा डबी उघडे. मला ओरडून सांगावेसे वाटे, की हे पोट नाही, ही तलफ आहे. पण दगडाचे ओरडणे कोण ऐकणार?

एके सकाळी पंचफुलाने माझ्यावर गोळी उगाळली, पुंजाला चाटवली, मला विसळले आणि ती विहिरीवर गेली. पुंजा अजून कुरकुरत होता. गोजरबाई गोठ्यातून आल्या. सुनेकडून गोळी द्यायची राहून गेली, असे त्यांना वाटले. त्यांनी डबी उघडली. मित्रांनो, माझ्या पाठीवर विसळल्याचा ओलावा अजून होता. त्याच ओलाव्यावर त्यांनी दुसरी गोळी उगाळली. मी तिथेच होते आणि मला काहीच करता आले नाही.

पंचफुला पाणी घेऊन आली, तोवर पुंजा झोपला होता. दोघींना बरे वाटले. ती त्याला शेतात घेऊन गेली.

दुपारी ती धावत परत आली. तिची चोळी दुधाने भिजली होती. "आत्याबाई, हा उठत काऊन नाही?"

पुंजाचे ओठ निळे पडले होते. श्वास जाणवेना.

"सकाळी म्या तर तेवढीच देल्ली होती," गोजरबाई पुटपुटल्या.

पंचफुला त्यांच्याकडे बघत राहिली. "म्या बी देल्ली होती."

तुळशीरामने खामगावच्या दवाखान्यासाठी गाडी जुंपली. गाडी वाटेतूनच परत आली.

संध्याकाळी पुंजाला मातीत ठेवून सगळे घरी आले. उकंडराव भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडत होते. रडता रडता त्यांना जांभई आली. नाक गळू लागले. त्यांनी मान खाली घातली आणि सुनेपुढे हात पसरला.

"माय, थोडीशी दे. माही हाडं मोडून राह्यली."

पंचफुलाने डबी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती घेतली. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

आता मी परसात पडून आहे. माझ्या खोलगट पाठीत पाणी साचते आणि कोंबड्या ते पितात. गोजरबाईंनी पुन्हा मला हात लावला नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी दुखण्याने बेजार व्हाल. तेव्हा कोणी तळहातावर गोळी ठेवून म्हणेल, "घे बे, काही होत नाही." त्या घरातही सगळे असेच म्हणत होते. तुमच्या घरात अशी डबी उघडताना दिसली, तर गप्प बसू नका. आईला सांगा, गुरुजींना सांगा, डॉक्टरांना विचारा. कोणी रागावले तरी सांगा. त्या सकाळी पुंजाजवळ सगळे जाणणारी मी एकटीच होते, आणि मला तोंड नव्हते.