अर्धा लिटर पाण्याचं वजन

सहदेवनं बाटलीचं बूच काढलं, लेबल पोरांकडं फिरवलं, ‘तीव्र सल्फ्युरिक ॲसिड’, खाली लाल कवटी अन् दोन हाडं, आणि तीन घोट घटाघटा पिऊन टाकले.

मग त्यानं गळा धरला, डोळे पांढरे केले अन् धाडकन फरशीवर पडला. अर्थात जागा पाहूनच पडला. ती फरशी त्यानं सकाळीच पुसून ठेवली होती.

अकरावी सायन्सची नवी तुकडी. दोन पोरी किंचाळल्या, एक दांडगा पोरगा दप्तर टाकून व्हरांड्यात पळाला.

“या बे आत, मेलो नाई मी!” सहदेव शर्ट झटकत उठला. “नळाचं पानी हाय. लेबल वाचून पळाले, पन बाटली उचलून पाह्यली काय कोनी? अर्धा लिटर पानी म्हंजे अर्धा किलो. अर्धा लिटर तेजाब नऊशे वीस ग्रॅम. डोये फसतात, हात नाई फसत.”

सगळे हसले, पण घाबरून. दीपमाला नावाची बारकी पोरगी मात्र पोट धरून हसत होती.

“मामा, पुन्हा एकदा पडा न!”

संग्रामपूरच्या त्या कॉलेजात सहदेव बावीस वर्षं प्रयोगशाळेचा परिचर. पाहुण्यांना त्याची ‘शिपाई’ म्हणून ओळख करून दिली की तो मनातल्या मनात दुरुस्ती करायचा. मोजपात्रात नुसत्या अंदाजानं पाणी ओतून ‘पंधरा मिली’ म्हणाला की पंधराच असायचं, थेंब इकडं नाही की तिकडं नाही. केमिस्ट्रीचे चंद्रशेखर सर सुरक्षेचे नियम फळ्यावरून पाच मिनिटांत वाचून टाकत. पोरांच्या ध्यानात राहायचं ते सहदेवचं मरण. सरच म्हणायचे, “सहदेव, तुझं नाटक उरकून घे, मंग मी येतो.”

नाटकाची बाटली खऱ्या बाटलीच्या शेजारीच असायची. तोच आकार, तेच बूच, तेच लेबल. दोन्हींवर लेबलं त्यानं स्वतःच्या हातानं चिकटवलेली. त्याला कधी चुकायची भीती वाटली नाही. हात नाई फसत.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी सर दारात कोणाशी तरी बोलत होते अन् सहदेव स्टॉक रजिस्टरवर सही घ्यायला ऑफिसात गेला होता. मागच्या टेबलाशी दीपमालानं बाटली उचलली.

“श्रद्धे, पाह्य इकडं. मी कोन?” ती मैत्रिणीला म्हणाली. “सहदेवमामा!” अन् प्यायच्या आधी थोडं डाव्या हातावर ओतलं.

किंकाळी ऑफिसात ऐकू आली. सहदेवला वाटलं, कोणी नाटकच करतंय. दोन पावलं तो हसतच चालला. ती दोन पावलं त्याला पुढं फार दिवस छळत राहिली.

त्यानं तिचा हात नळाखाली धरला. “चोळू नको! पानी लागू दे, नुसतं पानी!” पोरगी वाकून वाकून रडत होती, हात ओढत होती. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं होईस्तोवर त्यानं सोडला नाही. मग जीपमध्ये घालून शेगावच्या दवाखान्यात नेलं.

रस्त्यात ती एकदाच बोलली. “जड लागली होती, मामा. मले वाटलं, काठोकाठ भरेल असंल म्हून.”



आठव्या दिवशी दीपमालाची आई तानाबाई प्राचार्यांसमोर बसली होती. शेजारी हाताला पट्टी बांधलेली पोरगी. टेबलावर टाईप केलेला कागद: वारंवार सूचना देऊनही विद्यार्थिनीने खोडसाळपणे आम्ल हाताळले, सबब तिची विज्ञान शाखेतून कला शाखेत बदली करण्यास पालकांची हरकत नाही.

सहदेव पाण्याचा ट्रे घेऊन आत आला. दारातच चंद्रशेखर सरांनी त्याचं कोपर दाबलं होतं. “पोरीनं तुहं नाव घेतलं नाई. तू बी तोंड उघडू नको. चौकशी बसली तं दोघं बी जाऊ.”

“बाई, सही करा,” प्राचार्य भगवानराव म्हणाले. “प्रकरण इथंच मिटेल.”

“पन साहेब, तिले नर्सिंगले जायाचं हाय,” तानाबाई म्हणाली. “सायन्स गेलं तं ते बी गेलं न? लेकीनं माह्या शिशी वाचली नाई, हे पटत नाई मले. ते त भांडे घासायच्या पावडरीचं पाकिट बी मांगून-पुढून वाचते.”

“काय गं? लेबल वाचलं होतंस ना?” प्राचार्यांनी पोरीला विचारलं.

दीपमालानं मान खाली घातली. “वाचलं होतं.”

“मग काऊन ओतलं?” प्राचार्यसुद्धा रागात वऱ्हाडीवर आले.

“माहीच चूक हाय, सर.”

तानाबाईनं पेन उचललं.

सहदेव ट्रे ठेवून बाहेर गेला अन् दोन बाटल्या घेऊन परत आला. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन कवट्या, चार हाडं. प्राचार्यांची खुर्ची फूटभर मागं सरकली.

“सर, यातली तेजाबाची कोनती?”

“सहदेव!” चंद्रशेखर सर ओरडले.

सहदेवनं दोन्ही हातांत दोन बाटल्या धरून क्षणभर तोलल्या. डावी खाली ठेवली. उजवीचं बूच काढून तोंडाला लावली. तानाबाईच्या तोंडून “अगो माय!” निघालं. त्यानं सगळी बाटली रिकामी केली, हळूहळू. गळा धरला नाही की खाली पडला नाही.

“पानी हाय,” तो म्हणाला. “बावीस वर्सं पेतो. हे लेबल मीच चिकटवलं. कवटी पाह्यली का हसाचं, हे पोरीले मीच शिकवलं. कागदावर माहं नाव टाका.”

कोणी हसलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

चंद्रशेखर सरांनी छताकडं पाहिलं. ‘नाटक उरकून घे’ कोण म्हणायचं, ते सहदेवनं सांगितलं नाही.

तानाबाईनं पेन परत टेबलावर ठेवलं. त्याच्याकडं बघून ना ‘भाऊ’ म्हणाली, ना शिवी दिली. पोरीचा उजवा हात धरला अन् निघून गेली.

पोरगी सायन्सलाच राहिली. सहदेवला प्रयोगशाळेतून काढून फाटकाशी बसवलं. काम काय, तर घंटा द्यायची अन् माठ भरायचा. आता पाहुण्यांसमोर त्याला ‘शिपाई’ म्हटलं की दुरुस्ती करायला काही उरलं नव्हतं.

मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा संपवून पोरं बाहेर आली. ऊन मी म्हणत होतं. दीपमाला माठापाशी थांबली. डाव्या मनगटावर गुलाबी, चकाकणारा डाग.

“कसं गेलं प्रॅक्टिकल?” सहदेवनं विचारलं.

“चांगलं गेलं, मामा. मोजमाप सगळं बरोबर आलं.”

त्यानं गिलास भरून पुढं केला. तिनं घेतला. ओठाला लावायच्या आधी तो हातात जरासा तोलून पाहिला, अन् मग प्यायली.

सहदेवनं तोंड फिरवलं आणि माठाचं झाकण, नीटच होतं ते, उचलून पुन्हा नीट ठेवलं.